हाफकिनची लस, आगाखानांचा बंगला आणि मुलकोवालची बाटली

जून २०२० मध्ये चिकलठाणा औद्योगिक वसाहतीतल्या मेल्ट्रॉनच्या इमारतीत कोविड रुग्णालय सुरू झाले. इमारत एका सरकारी महामंडळाची, तिचे रुग्णालयात रूपांतर एमआयडीसीने केले आणि ते चालवले महापालिकेने. चिकलठाण्याच्याच जिल्हा सामान्य रुग्णालयातही कोविडचे रुग्ण दाखल होत होते. याच वसाहतीत औषधे बनवणारे खासगी कारखाने आहेत आणि शहरात मोठी खासगी रुग्णालयेही आहेत. साथ आली तेव्हा कोणी काय करायचे, खर्च कोणी करायचा आणि चूक झाली तर जबाब कोणी द्यायचा, हे प्रश्न त्या दिवसांत घरोघरी विचारले गेले.

हे प्रश्न नवे नाहीत. सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत प्लेग आला तेव्हाही ते उभे राहिले होते. त्यांच्या मधोमध सापडलेला माणूस डॉक्टर नव्हता, इंग्रज नव्हता आणि सुरुवातीला सरकारी नोकरही नव्हता. परळच्या हाफकिन संस्थेमुळे त्यांचे नाव महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे, पण त्या नावामागचा माणूस फारसा ठाऊक नाही.

ओडेसा ते पॅरिस

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा इथे झाला. हे काळ्या समुद्रावरचे बंदर तेव्हा रशियन साम्राज्यात होते, आज ते युक्रेनमध्ये आहे. ज्यू कुटुंबातला हा मुलगा ओडेसाच्या विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकला. तिथे त्यांना गुरू लाभले इल्या मेचनिकॉव्ह. शरीरातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात हे दाखवणारे आणि पुढे नोबेल मिळवणारे हेच ते मेचनिकॉव्ह.

ते दिवस राजकीय धामधुमीचे होते. १८८१ मध्ये ओडेसात ज्यूंवर हल्ले झाले. वस्ती वाचवण्यासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांमध्ये हाफकिन होते. ते जखमी झाले, त्यांना अटक झाली आणि मेचनिकॉव्ह यांनी रदबदली केल्यावर सुटका झाली. पुढे विद्यापीठात चांगली जागा हवी असेल तर ख्रिस्ती धर्म स्वीकारावा लागेल, असा पेच आला. हाफकिन यांनी धर्म बदलला नाही, देश सोडला. १८८८ मध्ये ते जिनिव्हात शरीरक्रियाशास्त्राचे सहायक झाले आणि १८८९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पोहोचले. तिथे रिकामी जागा होती ती ग्रंथालयातली. त्यांनी ती घेतली. दिवसा पुस्तके सांभाळायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत काम करायचे, असा क्रम सुरू झाला.

त्या काळी कॉलरा युरोपातही माणसे मारत होता. हाफकिन यांनी कॉलऱ्याच्या जंतूंचे दोन प्रकार तयार केले. एक उष्णता आणि हवेच्या झोताने दुबळा केलेला, दुसरा गिनीपिगच्या पोटातून वारंवार नेऊन अधिक प्रखर केलेला. आधी दुबळ्याचे, मग काही दिवसांनी प्रखर जंतूंचे इंजेक्शन, अशी त्यांची पद्धत होती. प्राण्यांवर ती यशस्वी झाल्यावर १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती स्वतःवर वापरली. ताप आला, टोचलेली जागा दुखली आणि काही दिवसांत ते बरे झाले.

पॅरिसमध्ये तेव्हा ब्रिटनचे राजदूत होते लॉर्ड डफरिन, भारताचे माजी व्हाइसरॉय. भारतात कॉलऱ्याचा मुक्काम कायमचा आहे हे त्यांना चांगले ठाऊक होते. त्यांच्या मदतीने दार उघडले आणि मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्याला उतरले.

वस्त्या आणि चहाचे मळे

भारतात आल्यावर पहिली अडचण होती ती विश्वासाची. भारतीय वैद्यकीय सेवेतले गोरे अधिकारी या परक्या प्राणिशास्त्रज्ञाकडे संशयाने बघत होते. लोक तर सुई घेऊन येणाऱ्या कोणाही साहेबाला घाबरत होते. हाफकिन यांनी उत्तर भारतातल्या पलटणींपासून सुरुवात केली आणि नंतर ते कलकत्त्याच्या वस्त्यांत गेले.

१८९४ च्या मार्च महिन्यात कलकत्त्यातल्या कट्टल बागान या वस्तीत कॉलऱ्याचे रुग्ण सापडले. सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांना लस दिली गेली. त्यानंतर वस्तीत आणखी १० जणांना कॉलरा झाला, त्यात ७ दगावले, आणि हे सगळे लस न घेतलेल्यांपैकी होते. आकडा लहान होता, पण एकाच वस्तीत राहणाऱ्या माणसांची ही तुलना होती. लस घेतलेले आणि न घेतलेले शेजारी शेजारी ठेवून मोजायचे, हा हाफकिन यांच्या कामाचा कणा होता. आजच्या लसचाचण्यांचे हे जुने रूप म्हणता येईल.

खासगी मालकांशी त्यांचा पहिला मोठा संबंध याच काळात आला. आसाममधल्या चहाच्या मळ्यांवर मजूर दूरवरून आणले जात आणि वाटेत व मळ्यावर कॉलऱ्याने मरत. मजूर मेला की मालकाचा आणण्याचा खर्च बुडत असे. त्यामुळे मळेवाल्यांनी लसीला आनंदाने जागा दिली. हाफकिन यांना हजारो माणसे एका ठिकाणी, नावानिशी नोंद असलेली मिळाली. पण या सोयीची दुसरी बाजूही होती. करारात अडकलेला मजूर मालकाने आणलेल्या साहेबाला नाही म्हणू शकत होता का? संमतीचे आजचे निकष लावले तर या चाचण्यांना परवानगी मिळणार नाही. मालकाचे हित आणि मजुराचे हित इथे एका दिशेने गेले, हा योगायोग होता. तो दर वेळी जुळत नाही.

सुमारे अडीच वर्षांत ४२ हजारांवर लोकांना लस देऊन हाफकिन हिवतापाने खंगले आणि १८९५ मध्ये युरोपला परतले. प्रकृती सावरल्यावर ते पुन्हा भारतात आले. तेवढ्यात मुंबईहून बोलावणे आले.

मांडवीतला खासगी डॉक्टर

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात अकासिओ व्हिएगस हे गोव्याचे डॉक्टर खासगी व्यवसाय करत होते. धान्याच्या वखारींजवळच्या दाट वस्तीत त्यांना तापाचे आणि जांघेत, काखेत गाठी येणारे रुग्ण दिसू लागले. त्यांनी हा प्लेग असल्याचे ओळखले आणि ते महापालिकेत उघडपणे मांडले. बंदराचा व्यापार बसेल, लोक घाबरतील, अशा कारणांनी त्यांच्या निदानावर शंका घेतली गेली. तपासणीनंतर निदान खरे ठरले.

साथीत खासगी क्षेत्राचे पहिले काम कोणते, याचे उत्तर इथे मिळते. रुग्ण सर्वांत आधी गल्लीतल्या डॉक्टरकडे जातो. त्याने पाहिले, ओळखले आणि सांगितले तरच सरकारी यंत्रणेला जाग येते. त्याने गिऱ्हाइके तुटतील म्हणून गप्प बसायचे ठरवले तर साथ आठवडेच्या आठवडे पुढे निघून जाते. क्षयरोगाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद सरकारला कळवणे खासगी डॉक्टरांवर २०१२ पासून बंधनकारक आहे, त्यामागचे तत्त्व हेच.

एक खोली आणि एक व्हरांडा

७ ऑक्टोबर १८९६ रोजी हाफकिन मुंबईत आले. त्यांना काम करायला ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात एक खोली आणि तिच्या बाहेरचा व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई, त्यांतल्या कोणालाही प्रयोगशाळेचे शिक्षण नव्हते. शेजारचे जे. जे. रुग्णालयसुद्धा अर्धशतकापूर्वी सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून उभे राहिले होते. मुंबईच्या आरोग्याच्या पायात खासगी पैसा पहिल्यापासून होता.

प्लेगच्या जंतूचा शोध लागून तेव्हा दोनच वर्षे झाली होती. तो पिसवांमार्फत उंदराकडून माणसाकडे येतो हे अजून सिद्ध व्हायचे होते. हाफकिन यांनी मांसाच्या रश्श्यात जंतू वाढवले आणि रश्श्यावर तुपाचे थेंब सोडले. त्या थेंबांना धरून जंतूंचे झुपके गुहेतल्या चुनखडीच्या लोलकांसारखे खाली लोंबू लागत. बाटली हलवली की झुपके तळाशी बसत आणि पुन्हा नवे धरत. अशा रीतीने काही आठवड्यांत भरपूर जंतू तयार होत. मग ते तासभर तापवून मारायचे आणि त्यात थोडे कार्बोलिक ॲसिड घालायचे, की लस तयार. धार्मिक भावना दुखावू नयेत म्हणून रश्श्यासाठी गोमांस टाळून बोकडाचे मांस वापरले गेले. मेलेला जंतू रोग देत नाही, पण शरीराला त्याची ओळख पटते आणि खरा जंतू आला की प्रतिकार लवकर उभा राहतो, हे या लसीचे तत्त्व.

कामाचा ताण भयंकर होता. तीन महिन्यांत एका सहायकाचे मन खचले, दोघे काम सोडून गेले. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी स्वतःला १० घन सेंटिमीटर लस टोचून घेतली. पुढे इतरांना दिली त्याच्या कितीतरी पट हा डोस होता. त्यांना सडकून ताप आला, पण जीवाला धोका झाला नाही.

महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तयार झालेल्या कैद्यांना लस दिली गेली, उरलेल्यांना नाही. लस न घेतलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला आणि ६ मेले. लस घेतलेल्यांत २ जणांना झाला आणि कोणी मेले नाही. लस पूर्ण संरक्षण देत नव्हती, हे हाफकिन यांनी लपवले नाही. मरण्याचा धोका ती बराच कमी करत होती, आणि त्या वर्षी मुंबईत तेवढेही पुष्कळ होते.

शहर ओस पडताना

फेब्रुवारी १८९७ पर्यंत जवळजवळ निम्मे शहर मुंबई सोडून गेले होते. गिरण्यांना कामगार मिळेनात, म्हणून मालक रोजच्या रोज मजुरी देऊ लागले आणि एकमेकांचे कामगार पळवू लागले. त्याच महिन्यात सरकारने साथरोग कायदा केला. घरात घुसून झडत्या, रुग्णांना जबरदस्तीने नेणे, सामान जाळणे सुरू झाले. पुण्यात याचा कडेलोट होऊन २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली, ही कथा महाराष्ट्राला पाठ आहे.

सरकारी रुग्णालयात नेले की माणूस परत येत नाही, अशी लोकांची खात्री झाली होती. ही दरी भरली ती समाजाने उभ्या केलेल्या रुग्णालयांनी. मुंबईत पारशी, हिंदू, खोजा अशा अनेक समाजांनी आपापली प्लेग रुग्णालये काढली. आपल्या हातचे अन्न, आपली भाषा बोलणारी शुश्रूषा आणि नातलगाला भेटण्याची मुभा मिळाल्यावर लोक स्वतःहून रुग्ण आणू लागले. पुण्यात टिळकांनी हिंदू प्लेग रुग्णालय चालवले. पुण्याजवळ डॉ. यशवंत फुले यांच्या दवाखान्यात रुग्णसेवा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. औषधाने प्लेग बरा होत नव्हता, तरीही ही रुग्णालये महत्त्वाची ठरली, कारण लोकांचा विश्वास त्यांच्यावर होता.

खुश्रू लॉज

लसीच्या बाबतीत असा विश्वास मिळवून दिला तो एका तरुणाने. खोजा इस्माइली समाजाचे धर्मगुरू तिसरे आगाखान तेव्हा जेमतेम १९ वर्षांचे होते. आपल्या अनुयायांसमोर त्यांनी स्वतः लस टोचून घेतली, तीही एकापेक्षा जास्त वेळा. लस घेतलेला आपला गुरू धडधाकट फिरतो आहे, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. १८९७-९८ च्या हंगामात मुंबईतल्या खोजा समाजापैकी सुमारे निम्म्या लोकांनी, म्हणजे १० ते १२ हजार जणांनी, लस घेतली. त्यांच्यातले मृत्यू घटल्याचे नोंदींत दिसले.

लसीची मागणी वाढली तशी महाविद्यालयातली खोली अपुरी पडू लागली. आगाखानांनी आपला खुश्रू लॉज हा बंगला प्रयोगशाळेसाठी दिला. सरकारी निर्णय टेबलावरून टेबलावर फिरत असताना एका खासगी मालकाने जागा देऊन टाकली आणि उत्पादन थांबले नाही.

दक्षिणेत हुबळीला १८९८ मध्ये प्लेग पोहोचला तेव्हा शहराच्या बहुसंख्य लोकांना लस दिली गेली. तिथल्या सूतगिरणीच्या कामगारांचाही त्यात समावेश होता. गिरणीकडे हजेरीपट असतो. कोणाला लस मिळाली आणि कोण दगावले हे त्यावरून मोजता येते, म्हणून अशा नोंदी फार उपयोगी पडल्या. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या दमणमध्ये १८९७ मध्ये मिळालेले आकडे सर्वांत बोलके होते. लस घेतलेल्या २,१९७ जणांपैकी ३६ मेले. न घेतलेल्या ६,०३३ जणांपैकी १,४८२ मेले. म्हणजे शंभरात दोनहून कमी विरुद्ध शंभरात जवळपास पंचवीस.

मात्र बंगल्यावर कायम काम चालणार नव्हते. देणगी देणाऱ्याचे मन, त्याची तब्येत आणि त्याचे व्यवहार बदलू शकतात. लस तर दरवर्षी लागणार होती आणि सबंध देशाला पुरवायची होती. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये सरकारी प्लेग प्रयोगशाळा सुरू झाली आणि हाफकिन तिचे प्रमुख झाले. खासगी मदतीने आणीबाणीचे दोन हंगाम तारून नेले आणि नंतर सरकारने भार उचलला. साथीतल्या वाटणीचा हा चांगला नमुना आहे.

मुलकोवाल

१९०२ मध्ये पंजाबात प्लेगने कहर केला. तिथल्या सरकारने लाखो लोकांना लस देण्याचा बेत आखला आणि परळवर मागणीचा डोंगर कोसळला. उत्पादन वेगाने व्हावे म्हणून हाफकिन यांनी पद्धत बदलली आणि त्यात कार्बोलिक ॲसिड वगळले. तापवण्यानेच जंतू मरतात, असा त्यांचा शास्त्रीय आधार होता.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल या गावी, जे आज पाकिस्तानात आहे, १०७ जणांना लस दिली गेली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस घेतलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि सगळे मेले.

चौकशी बसली. बाटलीत धनुर्वाताचे जंतू मुंबईतच शिरले असावेत, असा निष्कर्ष निघाला. कार्बोलिक वगळल्याचा ठपका हाफकिन यांच्यावर आला. त्यांना पदावरून दूर केले गेले आणि ते लंडनला परतले. पण दुसरा पुरावाही समोर होता. बाटली उघडताना तिथल्या सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो उकळून न घेता नुसता कार्बोलिकमध्ये बुडवून वापरला गेला होता. बाटली उघडली तेव्हा तिला वास नव्हता. धनुर्वाताचे जंतू मुंबईहून निघाल्यापासून आत वाढत असते, तर घाण वास आला असता. एकाच दिवशी इतर बाटल्यांतून लस घेतलेल्यांना काहीच झाले नव्हते.

या मुद्द्यांकडे लक्ष जायला पाच वर्षे लागली. हिवतापाच्या संशोधनासाठी नोबेल मिळालेले रोनाल्ड रॉस पुढे आले. १९०७ मध्ये त्यांनी आणि इतर नामवंत जंतुशास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र प्रसिद्ध करून हाफकिन यांच्यावरचा आरोप टिकत नसल्याचे मांडले. हाफकिन यांना पुन्हा नोकरीत घेण्यात आले. त्यांना जायचे होते परळला, पण ती जागा भरली गेली होती. त्यांची नेमणूक कलकत्त्याला झाली, जिथे लस बनवण्याची सोय नव्हती. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, पहिल्या महायुद्धाच्या सुमारास, ते निवृत्त होऊन युरोपला गेले. लग्न त्यांनी केले नव्हते. उरलेली वर्षे त्यांनी धर्मचिंतनात आणि ज्यू समाजाच्या शिक्षणकार्यात घालवली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे ते वारले.

मरण्यापूर्वी एक गोष्ट घडली होती. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन संस्था असे नाव देण्यात आले. तोवर, १८९७ पासून, तिथून लसीचे सुमारे २ कोटी ६० लाख डोस बाहेर पडले होते.

चूक झाली तेव्हा

मुलकोवाल ही हाफकिन यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी जखम आहे आणि साथीच्या व्यवस्थेसाठी सर्वांत मोठा धडा. घाईने वाढवलेली मागणी प्रांतिक सरकारची होती. पद्धतीतला बदल प्रयोगशाळेचा होता. चिमटा पडला गावात. पण जबाबदारी ठरवताना साखळीतला एकच माणूस शोधला गेला, आणि तो परका, ज्यू व डॉक्टर नसलेला होता. त्या १९ कुटुंबांना न्याय मिळण्यासाठी नेमके काय बिघडले हे शोधायला हवे होते. एका माणसाला घरी पाठवल्याने ते काम झाले नाही, आणि लसीबद्दलची भीती मात्र पंजाबभर पसरली.

आज लसीच्या प्रत्येक कुपीवर बॅच क्रमांक असतो, दुष्परिणामांची नोंद घेणारी समिती असते, आणि उत्पादक, वाहतूक, साठवण, टोचणारा हात अशा प्रत्येक टप्प्याची वेगळी तपासणी होते. खासगी कारखाना असो की सरकारी, हा नियम एकच असायला हवा.

परळ ते पुणे ते चिकलठाणा

हाफकिन संस्थेतून एक अनपेक्षित फांदी फुटली. धनुर्वात आणि सर्पदंशावरचा प्रतिसीरम घोड्यांच्या रक्तापासून बनतो. पुण्याच्या पूनावाला कुटुंबाच्या स्टड फार्मवरचे घोडे त्यासाठी हाफकिन संस्थेला दिले जात. हे सीरम आपणच का बनवू नये, या विचारातून १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. कोविडमध्ये देशाला मिळालेले बहुतेक डोस याच खासगी कारखान्यातले होते. सरकारी प्रयोगशाळेत रुजलेली विद्या खासगी कारखान्यात वाढली आणि लोकांपर्यंत पोहोचली, ते बहुतांशी सरकारी केंद्रांतून.

कोविडने खासगी क्षेत्राच्या दोन्ही बाजू दाखवल्या. औद्योगिक ऑक्सिजन रुग्णालयांकडे वळवला गेला, खासगी रुग्णालयांनी अतिदक्षता विभागाचा मोठा भार पेलला. पण दर आवरण्यासाठी राज्य सरकारला मे २०२० मध्ये हस्तक्षेप करावा लागला. ८० टक्के खाटा ताब्यात घेऊन वॉर्डासाठी दिवसाला ४,०००, अतिदक्षता विभागासाठी ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये अशी मर्यादा घातली गेली. लसीच्या बाबतीत खासगी रुग्णालयांसाठी २५ टक्के वाटा राखला गेला, तो पूर्ण उचलला गेला नाही. जिथे सरकारी केंद्रात लस फुकट होती, तिथे पैसे भरून घेणारे कमीच निघाले.

मराठवाड्याला आणखी एक आठवण आहे. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगचे रुग्ण आढळले आणि पाठोपाठ सुरत हादरले. सुरतेत अनेक खासगी दवाखाने बंद झाले आणि डॉक्टर शहर सोडून गेले. लॉकडाउनच्या सुरुवातीलाही अनेक छोट्या दवाखान्यांची शटर खाली गेली होती. यात सगळा दोष डॉक्टरांचा नाही. मास्क, संरक्षक पोशाख, विमा, नोंद कळवायचा साधा मार्ग यांपैकी काही हाताशी नसेल तर एकटा डॉक्टर किती काळ टिकेल? मांडवीत व्हिएगस दवाखाना सोडून गेले नाहीत, त्यांनी स्वतः हजारो लोकांना लस टोचली. पण प्रत्येक गल्लीत व्हिएगस निघेल या भरवशावर व्यवस्था चालत नाही.

म्हणून वाटणी साथीपूर्वी ठरायला हवी. चिकलठाण्यासारख्या वसाहतीत कोणत्या कारखान्याकडे किती ऑक्सिजन, किती शीतगृह, किती वाहने आणि किती प्रशिक्षित माणसे आहेत, ही यादी जिल्हा प्रशासनाकडे शांततेच्या काळात तयार असावी. खासगी दवाखान्याने कोणता ताप कोणत्या दिवशी कुठे कळवायचा, हे त्याला पाठ असावे. दर, भरपाई आणि जबाबदारी आधी लिहून ठेवलेली असावी. साथ दारात आल्यावर या गोष्टी ठरवायला बसले की वेळ जातो आणि मुलकोवालसारखी घाई होते.

हाफकिन यांना एक खोली मिळाली, मग एक बंगला, मग एक राजवाड्यासारखी इमारत, आणि शेवटी यांपैकी काहीच उरले नाही. त्यांनी मागे ठेवली ती मोजण्याची शिस्त. लस घेतलेले किती, न घेतलेले किती, त्यांपैकी किती जगले. साथीत कोणी किती काम केले हेही असेच मोजता येते. पुढच्या साथीनंतर सरकारी आणि खासगी असे दोन्ही रकाने भरून कोणी तो हिशेब मांडला, तर त्या शिस्तीचा तो खरा उपयोग ठरेल.